हांक आणि ओ

हांक मारणारा आणि ओ देणारा ह्या दोघांमध्यें जें अंतर असतें, तें केवळ कोसांनीं मोजतां येत नाहीं. आमच्या औंधच्या डोंगरावर जी देवी आहे, तिचें यमाई हें नांवच मुळीं 'ये माई' ह्या हांकेंतून आलें, असें लोक सांगतात. डोंगर चढून गेलेला भाविक तिला हांक मारतो. तिची ओ कानांनीं ऐकावी अशी त्याची अपेक्षा नसते. परंतु माणसानें माणसास हांक मारली कीं ओ आलीच पाहिजे, आणि ती आली नाहीं तर पलीकडच्याचें मन फिरलें, असें आपण चटकन् ठरवून टाकतों. हें ठरविणें न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न येथें विचारावयाचा आहे.

तो मनांत येण्यास एक क्षुल्लक प्रसंग कारण झाला. वडिलांच्या श्राद्धास यावें म्हणून मीं पुण्यास धाकट्या भावाला संगणकावरून पत्र पाठविलें. दोन दिवस उत्तर नाहीं. दुसरें पत्र पाठविलें, तरी तेंच. फोन करावा, तर मोठेपणा आडवा आला. पूर्वीचे सारे मानापमान एकेक आठवूं लागले, आणि चौथ्या दिवशीं मी बोलूनही गेलों कीं, त्याला आतां आमची गरज उरली नाहीं. माझी कन्या तें ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, काकांना दोष देण्याआधीं आपलें पत्र घराबाहेर तरी पडतें का, तें पाहूं या."

तिनें संगणकाचा तो काळा पडदा उघडला, ज्यावर चित्रें नसतात, केवळ आज्ञा टंकावयाच्या असतात. तेथें 'पिंग' हा शब्द आणि त्यापुढें एक पत्ता लिहावयाचा. म्हणजे आपलें यंत्र त्या पत्त्यास एक चिमुकला निरोप धाडतें आणि पलीकडचें यंत्र तोच निरोप परत करतें. जाण्यायेण्यास किती वेळ लागला, तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत पडद्यावर उमटतो. प्रतिध्वनीच्या ह्या देवघेवीचा नियम १९८१ सालीं इंटरनेटच्या नियमावलींत नमूद झाला. आणि १९८३ च्या डिसेंबरांत माइक मूस ह्या अमेरिकन संशोधकानें, जाळ्यांतला बिघाड शोधण्यासाठीं, ही आज्ञा तयार केली. पाणबुडीचा शोध घेतांना पाण्यांत सोडलेला ध्वनि आदळून परत येतो. त्या आवाजावरून त्यानें तिला नांव दिलें.

जाणते लोक ही परीक्षा एका क्रमानें करतात, आणि मला तो क्रमच बोधप्रद वाटला. प्रथम हांक स्वतःलाच! १२७.०.०.१ हा पत्ता ज्या त्या यंत्राचा स्वतःचाच. तेथें मारलेली हांक तारेवर जातच नाहीं. मग घरांतला राउटर, आणि मग दूरचीं यंत्रें. आमच्या यंत्रानें स्वतःस ओ दिली. राउटर मात्र गप्प. पाहतों तों त्याला जोडणारी तार मागच्या बाजूनें निसटलेली! ज्या मौनाबद्दल मी पुण्याच्या माणसास अपराधी ठरवीत होतों, तें माझ्याच भिंतीपाशीं सुरू झालें होतें.

तार बसविली आणि ओ येऊं लागली. पण येथेंही सावध राहिलें पाहिजे. कित्येक यंत्रांना, सुरक्षेसाठीं, परक्या हांकेला उत्तर देऊं नका असें सांगून ठेवलेलें असतें. तीं जागीं असतात, कामही करीत असतात, केवळ ओ देत नाहींत. उलट, ओ देणारें यंत्र आपलें नेमून दिलेलें काम करीतच असेल, असेंही नाहीं. त्या ओवरून मार्ग मोकळा आहे एवढेंच कळतें. पत्र वाचलें गेलें कीं नाहीं, मनास लागलें कीं नाहीं, हें कळत नाहीं.

ह्या मर्यादेचा एक दाखला आमच्या जुन्या संस्थानाच्या इतिहासांत आहे. १९३९ सालीं, भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांच्या कारकीर्दींत व मॉरिस फ्रीडमन ह्यांच्या सहकार्यानें, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. इतर तुरुंगांत हजेरी घेतात, कैदी 'हजर' म्हणतो, आणि तो तेथें आहे एवढें सिद्ध होतें. तो कां आहे, ह्याचें उत्तर भिंतच देते. जेथें भिंत नाहीं, तेथें माणूस राहतो तो दिलेल्या शब्दासाठीं. आणि त्या शब्दाची खात्री कोणत्याही हजेरीनें होत नाहीं. ती आधीं विश्वास ठेवूनच पाहावी लागते.

कोणी म्हणेल, मौन नेहमीं निरपराधच असतें काय? नाहीं. जाणूनबुजून न दिलेली ओही असते, आणि ती बोचते. परंतु तो निकाल शेवटचा असावा, पहिला नव्हे. आधीं आपली तार पाहावी, मग मार्ग पाहावा, आणि तरीही उलगडा झाला नाहीं, तर मोठेपणा बाजूला ठेवून दुसऱ्या वाटेनें हांक मारावी.

त्या रात्रीं मीं भावास फोन केला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "दादा, तुझीं दोन्ही पत्रें आतांच एकदम आलीं. बोलावणें नाहीं, म्हणून मीही चार दिवस रुसून बसलों होतों." म्हणजे दोन्ही टोकांस माणसें जागीं होतीं, कान लावून बसलीं होतीं, आणि मीं मारलेली हांक माझ्याच घरांत घुमत होती.