नदीच्या पात्रातला पहिला दिवस

लांबच्या विमानप्रवासानंतर पाहुणा वालेन्सियात पोचतो, झोप मात्र भारताच्याच वेळेवर असते. उन्हाळ्यात हे अंतर साडेतीन तासांचं. त्यावर चांगला उतारा म्हणजे दिवसाचा उजेड. म्हणून पहिल्या दिवशी संग्रहालयांची धावपळ नको, तुरिया बाग पुरे.

ऑक्टोबर १९५७ मध्ये तुरिया नदीच्या महापुराने शहर बुडालं. मग नदीच शहराबाहेरून वळवली. कोरड्या पात्रात महामार्ग करायचा बेत होता. नागरिकांनी विरोध केला, तिथे झाडंच हवीत म्हणाले. किती शहाणा हट्ट! आज त्या पात्रात सुमारे ९ किलोमीटर बाग पसरली आहे, आणि जुने दगडी पूल अजून तिच्यावर उभे आहेत.

इथे सावकाश चालावं, कंदांपासून केलेलं गार ओर्चाता प्यावं. रात्रीचं जेवण नऊच्या सुमारास. तोवर डोळा लागू देऊ नका.