मुलाच्या घरचें ज्ञान

गेल्या महिन्यांत डोंगराकडील एका मंडळींत काम करणाऱ्या उपदेशक बंधूंचें मला पत्र आलें. त्यांच्या गांवच्या शाळेंत नवीन आलेले गुरुजी मुलांकडून रानांतील झाडापाल्याचीं नांवें लिहवून घेतात, आठवड्यांतून एकदां पाड्यावरील एका म्हाताऱ्या बाईस वर्गांत बोलावून तिच्याकडून गोष्टी सांगवितात, आणि मुलें घरीं जी वारली बोली बोलतात तीच त्यांना वर्गांतही बोलूं देतात. त्या गोष्टींत देव येतात, भुतेंही येतात. "आमच्या बापजाद्यांनीं जें टाकून दिलें, तें आमच्या लेकरांस शाळेच्या दारानें परत द्यावयाचें काय? मीं हरकत घ्यावी कीं गप्प बसावें?" असा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न प्रामाणिक आहे, व तो त्या एकट्या बंधूंचा नाहीं. म्हणून उत्तर येथें सर्वांसमक्ष लिहितों. परंतु आरंभीं माझा स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे.

सेमिनरींत जाण्यापूर्वीं दोन वर्षें मी त्याच मुलुखांतील एका शाळेवर शिक्षक होतों. वय लहान व उत्साह मोठा. एके दिवशीं तिसरीच्या वर्गांत मीं पांच भाज्यांचीं नांवें विचारलीं. एक वारली मुलगा, जो एरवीं तोंड उघडीत नसे, तो उठून उभा राहिला व म्हणाला, "शेवळ, टाकळा, कुरडू, भारंगी, वास्ता." मीं म्हटलें, "ह्या भाज्या नव्हेत, हें रान आहे. पुस्तकांतल्या सांग." पुस्तकांत कोबी, फुलकोबी व गाजर यांचीं चित्रें होतीं. ह्यांपैकीं एकही जिन्नस त्याच्या घरीं कधीं शिजला नसेल. वर्ग हंसला, आणि मीं त्या हंसणाऱ्यांस थांबविलें नाहीं.

पुढें पहिला पाऊस झाला व बाजारांत शेवळाच्या जुड्या आल्या. कौतुकानें एक जुडी विकत आणून मीं ती साध्या भाजीसारखी परतून खाल्ली. घसा असा खाजूं लागला कीं, रात्रभर झोंप नाहीं! सकाळीं त्याच मुलाची आई पाण्याला जात होती. तिनें माझी अवस्था ऐकली व पदर तोंडाशीं धरून ती पोटभर हंसली. मग तिनें सांगितलें कीं, शेवळाच्या आंतील पिवळा भाग काढून टाकावयाचा, व काकडाच्या आंबट फळांबरोबर ती शिजवावयाची. म्हणजे खाज मरते. काकडाचीं फळें त्याच दिवसांत झाडावर असतात. कोणती वनस्पति कोणत्या नक्षत्रांत उगवते, तिच्यांत काय बाधक आहे, आणि त्या बाधेवर उतारा कोणत्या झाडावर मिळतो, हें सारें त्या अक्षरशून्य बाईस ठाऊक होतें व तिच्या आठ वर्षांच्या मुलासही. वर्गांत तें सर्व मीं चूक ठरविलें होतें.

दिवाळीनंतर तो मुलगा शाळेंत परत आला नाहीं. त्याचे आईबाप वीटभट्टीवर गेले हें एक कारण खरेंच. तथापि शाळेनें त्याला धरून ठेवावें असें आम्ही त्याला काय दिलें होतें, हा प्रश्न माझा पाठलाग अद्याप सोडीत नाहीं.

वाचकहो, त्या दिवशीं मीं त्या मुलाला भाज्या शिकविल्या नाहींत. तुझ्या आईला कांहीं कळत नाहीं, एवढें मात्र शिकविलें. आणि ही शिकवण अनेक प्रकारांनीं दिली जाते. वारली बोली मराठीच्या जवळची. म्हणून ती बोलणाऱ्या मुलास आपण "अशुद्ध बोलतो" म्हणून पदोपदीं दुरुस्त करितों. गोंडी तर मराठीच्या कुळांतीलच नव्हे. तिचें नातें तेलुगू व कानडी यांच्याशीं. गडचिरोलीकडील गोंड बालक पहिलींत येऊन बसतें तें जणूं परमुलखांतच. मग तें मुकें राहिलें कीं आपण त्याला मंद म्हणतों.

ह्या वाटेनें शेवटपर्यंत चालत गेल्यास मनुष्य कोठें पोहोंचतो, हें पाहावयाचें असेल तर कानडा देशाकडे पाहा. तेथें एकोणिसाव्या शतकापासून सरकारनें मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं वसतिशाळा चालविल्या, व त्यांतील बहुतेकांची व्यवस्था ख्रिस्ती मंडळ्यांच्या हातीं होती, कॅथलिक तशाच प्रॉटेस्टंट. सुमारें १,५०,००० मुलें आईबापांपासून तोडून तेथें ठेविलीं गेलीं. स्वभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत असे. हजारों मुलें तेथें मरण पावलीं. शेवटच्या शाळा १९९० नंतरच्या दशकांत बंद झाल्या. युनायटेड चर्चनें १९८६ सालीं मूळ रहिवाशांची व १९९८ सालीं वसतिशाळांबद्दल क्षमा मागितली. अँग्लिकन मंडळीनें १९९३ सालीं, प्रेस्बिटेरियन मंडळीनें १९९४ सालीं. सत्यशोधन व समेट यांसाठीं नेमलेल्या आयोगानें २०१५ सालीं ९४ मागण्या पुढें मांडल्या. मूळ रहिवाशांचें ज्ञान व त्यांची शिकविण्याची रीत वर्गांत कशी आणावी हें शिक्षकांस शिकवावें, ही त्यांपैकींच एक. तें वाचतांना माझ्या मनास बोंचतें तें हें कीं, त्या शाळांतील पुष्कळ शिक्षक सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करणारे होते. मुलांचें भलें करीत आहों अशी त्यांची समजूत होती. माझीही तशीच होती.

आतां बंधूंच्या शंकेकडे वळूं. प्रभूनें गालीलांतील लोकांस शिकविलें तें पेरणी, मोहरीचा दाणा, खमीर, जाळें व हरवलेलें मेंढरूं यांवरून. ह्या गोष्टी त्या श्रोत्यांनीं त्याच्याकडून शिकावयाच्या नव्हत्या. त्या ते घरून घेऊन आले होते. पन्नासाव्या दिवसाच्या सणांत यरुशलेमास जमलेल्या परदेशीयांवर, आधीं एक भाषा शिकून या मग सुवार्ता ऐका, अशी अट घातली गेली नाहीं. पौल अथेनैस मूर्ति पाहून मनांत तळमळला खरा. तरी बोलावयास उभा राहिला तेव्हां त्यानें तेथीलच कवींचा आधार घेतला.

पण ह्यानें शंका पुरती फिटत नाहीं, हें मीही जाणतों. रानचें ज्ञान आणि रानचे देव एकाच दोरींत गुंफलेले असतात. पुष्कळ वारली पाड्यांवर पावसाळ्याची पहिली कोवळी भाजी देवाला वाहिल्यावांचून खात नाहींत. ख्रिस्ती शिक्षकानें ह्याचें काय करावें? मला वाटतें, त्यानें मुलाला विचारावें, "तुझ्या घरीं असें कां करितात?" आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. कोणी मूल म्हणेल, देव कोपतो. कोणी म्हणेल, रोपाला वाढावयास चार दिवस मिळतात. शिक्षकाला कोणी त्या देवापुढें हात जोडावयास सांगत नाहीं, आणि मुलाच्या बापाची थट्टा करण्याचा अधिकारही त्याला कोणी दिलेला नाहीं. जें खोटें व घातक आहे तें मात्र स्पष्ट सांगावें. सर्प चावला असतां भगताकडे न जातां तडक दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घ्यावी, येथें आडपडदा नको. परंतु ज्या शिक्षकानें शेवळाच्या बाबतींत मुलाचें ऐकलें, त्याचेंच म्हणणें सर्पाच्या बाबतींत मूल ऐकेल.

दुसरी हरकत बंधूंनीं घेतली नाहीं, पण ती मला अधिक जड वाटते. पाड्यावरील आईबापच म्हणतात, "आमचें आम्ही शिकवूं, तुम्ही मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा. आमच्या पोरांनीं काय जन्मभर लांकडें तोडावीं?" हें बोलणें भुकेल्या पोटाचें आहे, त्याला हंसूं नये. घरच्या बोलीचें कौतुक करून परीक्षेचें दार मुलास बंद ठेवणारा शिक्षक त्याचा मित्र नव्हे. मात्र घरच्या बोलीवरून मराठीकडे जाणें ही वाट आहे, आणि घरची बोली तोडून मराठीकडे नेणें हा कडा आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली. तींत मराठी व इंग्रजीही शिकवूं लागले. २०२२ सालीं ती अनधिकृत ठरवून नोटीस आली व प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. मातृभाषेंतून प्राथमिक शिक्षणाची सोय राज्यांनीं करावी, असें आपल्या घटनेच्या ३५०-अ ह्या कलमांत १९५६ पासून लिहिलेलें आहे!

आपल्या मुलुखांत हें पूर्वीं कोणी केलेंच नाहीं असेंही नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें व पुढें १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मुलें गुरें राखावयास जातात म्हणून शाळेंत येत नाहींत, असें पाहून त्यांनीं शाळाच कुरणांत नेली. तिला कुरणशाळा म्हणत. शिंपले, बिया, खडे, पानें हेंच तेथील साहित्य. त्या दोघी शिकवावयास गेल्या तेथें प्रथम शिकावयास बसल्या.

एका गोष्टीची मात्र मला चीड येते. वर्षभर बोलीला बंदी, आणि संमेलनाच्या दिवशीं पाहुण्यांपुढें मुलांच्या डोक्याला पानें बांधून तारप्यावर नाचविणें! ह्यापेक्षां कांहीं न केलेलें बरें.

त्या उपदेशक बंधूंस मीं असें लिहिलें आहे कीं, हरकत घेण्यापूर्वीं ती म्हातारी बाई ज्या दिवशीं शाळेंत येईल त्या दिवशीं आपणही जावें, मागच्या रांगेंत मुलांमध्यें मांडी घालून बसावें, व जें ऐकूं येईल तें वहींत उतरून घ्यावें. आणि ती बाई थांबली म्हणजे आपल्या स्वतःच्या आजीकडून ऐकलेलें एखादें झाड तिला विचारावें. त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. गुरुजींचें मात्र कार्ड आलें: बंधु दोन बुधवार येऊन बसले, असें त्यांत आहे.