राष्ट्राचं माप कोण घेतं?

जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरी घाटाची चप्पल उतरवली आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. त्यावर जो संताप उसळला तो रास्तच होता. (त्या चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. आपल्या संतापात बेळगाव-बागलकोटचं नाव फारसं ऐकू आलं नाही, ते एक असो.) माझं भांडण आहे ते त्या संतापाच्या आडून आलेल्या सिद्धांताशी. मुंबईच्या एका मान्यवर स्तंभलेखकांनी निकालच लावून टाकला: भारताची ‘राष्ट्रीय फॅशन’ आता घडते आहे, कपड्यांतले आणि दागिन्यांतले देशी डिझायनर ती घडवताहेत, आपण त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. पाठीशी म्हणजे अर्थात गल्ल्यापाशी.

ग्वाल्हेरात राहणाऱ्या माणसाला हे गळी उतरवणं कठीण जातं. या शहराला राष्ट्रीय कापडाचा अनुभव जरा जास्तच आहे. प्रमाणित खादीचे तिरंगे बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी मध्य भारत खादी संघ इथला. बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल १९२१ ची, महाराज माधवराव शिंद्यांच्या काळातली; नव्वदच्या दशकात तिचे भोंगे थांबले. १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या त्याच ऑगस्टात, ग्वाल्हेर रेयॉन कंपनीची नोंदणी झाली. तीच पुढे ग्रासिम. नवाब पतौडींच्या जाहिरातींनी ‘ग्वाल्हेर सूटिंग’ घराघरांत नेलं, आणि स्वतंत्र भारतातल्या मध्यमवर्गीय नवरदेवांनी लग्नात जे सूट शिवले त्यांत हे कापड कितीतरी होतं. खादी, रेयॉन, सूटिंग. यातलं राष्ट्रीय कोणतं? डिसेंबर २०२१ पासून तर खुद्द तिरंगाही पॉलिस्टरचा चालतो.

आणि राजघराण्यांची ती ‘अस्सल भारतीय’ शान? महाराण्यांची फिकट शिफॉनची साडी, गळ्यात मोत्यांचा सर. आजचे निम्मे डिझायनर ह्याच चित्रावर जगतात. त्या चित्रामागे आमच्या गावाचा एक अपमान आहे. सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे हिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवरावांशी ठरलं होतं. १९११ च्या दिल्ली दरबारात तिची कूचबिहारच्या राजपुत्राशी गाठ पडली, आणि तिने स्वतःच ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्न मोडलं. १९१३ मध्ये लंडनला तिने त्या राजपुत्राशी लग्न केलं. पुढे फ्रान्समधून शिफॉन मागवून त्याच्या साड्या नेसायची चाल तिनेच रूढ केली असं मानतात. बुटांसाठी तिने इटलीच्या फेरागामोकडे हिरे-मोती धाडले होते. मराठी मुलगी, बंगालचं सासर, फ्रेंच कापड, इटालियन जोडा. याला आज आपण ‘वारसा’ म्हणतो. तिने शिंद्यांना होकार दिला असता तर कदाचित चंदेरीच नेसली असती, आणि मग वारसाही निराळाच ठरला असता.

इथे मला कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी आठवतात, आणि स्तंभलेखकांना ते आठवत नाहीत याचं नवल वाटतं, कारण त्यांचा सगळा युक्तिवाद कुमारस्वामींनी शंभर वर्षांपूर्वीच मांडून, शिवाय मोडूनही ठेवला आहे. १९०५ मध्ये सिलोनात त्यांनी ‘बॉरोड प्लूम्स’ ही पुस्तिका काढली: परक्या पोशाखात वावरणाऱ्या आपल्या माणसांवर. पुढे ‘आर्ट अँड स्वदेशी’मध्ये त्यांनी स्वदेशीवाल्यांनाच फैलावर घेतलं. मँचेस्टरच्या वाईट कापडाची नक्कल भारतीय गिरणीत केली म्हणजे ते स्वदेशी होत नाही, कारागिराची दृष्टी मेली तर मालक कोणत्या रंगाचा आहे याने काय फरक पडतो, असा त्यांचा रोख. हे मला मनापासून पटतं. ग्वाल्हेर सूटिंगवर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही, आणि ती सूटिंग निघण्याच्या कितीतरी आधी लिहिलेली आहे!

पण मजा बघा. सिंहली कलेवरचा आपला मोठा ग्रंथ कुमारस्वामींनी १९०८ मध्ये छापला तो यंत्राच्या मालाला विरोध करणाऱ्या विल्यम मॉरिसच्या छापयंत्रावर, इंग्लंडातल्या एका खेड्यात. देशी कारागिराचं हे प्रेम इंग्रज यंत्रविरोधकांच्या सहवासात वाढलं, आणि आयुष्याची अखेरची तीस वर्षं ते बॉस्टनच्या संग्रहालयात होते. यात लबाडी काही नाही. पण आपल्या परंपरेचं सौंदर्य दुरून सर्वांत चांगलं दिसतं हे खरं, आणि जो दुरून पाहतो त्याला ते कपडे अंगावर वागवावे लागत नाहीत हेही खरं.

ज्यांना वागवावे लागत होते त्यांच्याशी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकर बोलले. जमलेल्या दलित बायकांना त्यांनी सांगितलं की गुडघ्यापर्यंतचं लुगडं, गळ्यातल्या गळसऱ्यांची गर्दी, कोपरापर्यंतच्या कथील-चांदीच्या पाटल्या ह्या तुम्हाला ओळखण्याच्या खुणा आहेत, टाका त्या. अनेकींनी तिथल्या तिथे लुगडं नेसायची रीत बदलली. कुमारस्वामींच्या दृष्टीने ही हानीच. अस्सल स्थानिक घडणीचे दागिने, पिढ्यान्‌पिढ्यांची नेसण, आणि ती मोडायला सांगतोय सुटाबुटातला बॅरिस्टर! पण त्या दिवशी महाडात जे घडलं ते कोणत्याही फॅशन सप्ताहापेक्षा अधिक राष्ट्रीय होतं. कपड्यावरून जात कळू नये ही मागणी म्हणजे राष्ट्र असण्याची पहिली अट.

त्यामुळे कुमारस्वामी मला आता निम्मेच पुरतात. कारागिराबद्दल त्यांचं ऐकावं, नेसणाऱ्याबद्दल नाही. आणि दागिन्यांच्या देशी डिझायनरांकडे पाहताना तर महाड विसरताच येत नाही. त्या बायकांनी जे जडशीळ अलंकार उतरवले, त्याच जातीचे गोठ, वाक्या आणि गळ्यालगतचे साज आज काळपट चांदीत ‘ट्रायबल’ म्हणून काचेच्या कपाटात मांडले जातात. ‘बाजीराव मस्तानी’नंतर नथीची लाट आली तेव्हा आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सराफ्यातही नथ न टोचता चापावर मिळू लागली. ती मला आवडते. हवी तेव्हा घालता आणि काढता येते. पण ही मुभा ज्यांना कधी नव्हती त्यांचे दागिने ‘आपली ओळख’ म्हणून विकताना डिझायनराने निदान ओळख हा शब्द जपून वापरावा.

मग डिझायनर निरुपयोगी? मुळीच नाही. चंदेरी गाव जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलं. तिथलं कापड पारदर्शक दिसतं कारण त्यातल्या रेशमाचा डिंक काढलेला नसतो. त्यामुळे सूत ताठ राहतं आणि पोत विरळ. प्रत्येक बुटीसाठी वेगळी तिल्ली लागते, म्हणजे धाग्याची छोटी कांडी. विणकर ती हाताने ताण्यातून फिरवतो, म्हणून मागच्या बाजूला लोंबते धागे नसतात. पदरावर बुट्या वाढल्या की दिवस वाढतात. हे रेशीमसुद्धा पूर्वापार नव्हे. आधी हातसूत, मग गिरणीचं विलायती सूत, आणि १९३० च्या दशकात जपानी रेशीम आलं, तेव्हा आजची चंदेरी झाली. आजीच्या पेटीतली म्हणून जी आपण जपतो तिच्यातही जपान आहे.

हे विणकाम टिकवणारी गिऱ्हाइकं संस्थान गेल्यावर आटली होती. संजय गर्ग यांनी २००८ मध्ये ‘रॉ मँगो’ सुरू केलं ते चंदेरीपासून. वैशाली शडांगुळे विदिशाच्या, म्हणजे संस्थानी काळातल्या भेलशाच्या. २०२१ मध्ये पॅरिसच्या ओत कुतुर सप्ताहात त्यांनी हातमागाचं कापड नेलं, आणि चंदेरीइतकंच चोळीचा खण हेही त्यांचं साहित्य आहे. या लोकांचा मला आदर आहे, मात्र स्तंभलेखक म्हणतात त्या कारणासाठी नाही. ते राष्ट्र घडवत नाहीत. ते मागाला काम देतात. जुन्या सरदार घराण्यातल्या बाईने लग्नसराईत चार लुगडी घेतली की मागाला काम मिळायचं, तेच हे, फक्त गिऱ्हाईक दूरचं आणि किंमत मोठी.

म्हणून स्तंभलेखकांना एक विनंती. चंदेरीला भौगोलिक मानांकन २००५ मध्ये मिळालं. त्यावरून गाव कळतं, भाव कळत नाही. पुढच्या लेखात एक डिझायनर साडी घ्या आणि तिच्या किमतीतून तिल्ली फिरवणाऱ्याच्या हातात किती पडलं एवढंच छापा. आकडा मिळाला नाही, तर कुणी द्यायला नकार दिला ते छापा.