चुलीपाशी उपकारस्तुती

आधार : १ थेस्सलनीकाकरांस ५:१८, इफिसकरांस ५:२० ते ६:४, लूक २४:२८–३५



आमच्या वर्धा जिल्ह्यात कपाशीची बोंडे फुटू लागली म्हणजे आपले शेजारी सीतादही करितात. शेतात दहीभाताचा नैवेद्य होतो आणि मगच पहिल्या वेचणीस हात लागतो. त्या विधीत आपण सहभागी होत नाही. परंतु त्यामागील भाव तुच्छ मानण्याजोगा आहे, असे आम्हांस कधीही वाटले नाही. पिकास हात लावण्यापूर्वी हात जोडावेत, हे ह्या काळ्या मातीस ख्रिस्ती उपदेशक येण्यापूर्वीच ठाऊक होते. आपल्याही मंडळ्यांत कापणीचा सण होतो. ज्वारी, तूर, सोयाबीन, कोहळे, अंडी, एखादा कोंबडा, असे ज्याचे जे असेल ते प्रभुभोजनाच्या मेजापुढे येते, आणि उपासनेनंतरच्या लिलावात एखादा भोपळा बाजारभावाच्या चौपट किंमतीस जातो. ह्या आनंदास आमची कोणतीही हरकत नाही.

परंतु ज्या वर्षी टोपले भरत नाही, त्या वर्षी काय करावे? हा प्रश्न कित्येकांनी आम्हांस तोंडाने विचारिला आहे. आणि त्याहून अधिक जणांनी तो सणाच्या रविवारी उपासनेस न येऊन विचारिला आहे. रिकाम्या हातांनी मेजापुढे जाण्याची लाज वाटते, आणि ज्याचे आभार मानावयाचे त्याच्याविषयी मनात कडवटपणा असतो. अशा बंधूस, 'देवाचे उपकार विसरू नको,' एवढे सांगून पुढच्या घरी जाणारा पाळक आपले काम चुकवितो असे आम्ही मानितो.

प्रथम पौल प्रेषिताचे म्हणणे नीट पाहू. थेस्सलनीका येथील मंडळीवर छळ गुदरला होता, हे पत्राच्या आरंभापासूनच दिसते. अशा लोकांस तो उपकारस्तुती करावयास सांगतो. मूळ ग्रीक भाषेत तेथे जे अव्यय आहे त्याचा अर्थ 'मध्ये' असा आहे, 'बद्दल' असा नव्हे. प्रत्येक अवस्थेमध्ये आभार माना, असे तो म्हणतो. प्रत्येक अवस्थेबद्दल आभार माना, असे येथे म्हणत नाही. अव्यय लहान आहे. परंतु ते चुकविल्यामुळे पुष्कळ भोळ्या विश्वासणाऱ्यांच्या अंतःकरणावर अकारण ओझे पडले आहे. गुलाबी बोंडअळीबद्दल देवाचे आभार मानणे हा आपला धर्म नाही. लेकराच्या तापाबद्दल, व्यापाऱ्याच्या खोट्या मापाबद्दल, उगवले नाही अशा बियाण्याबद्दल कोणाही मनुष्याने देवाची स्तुती करावी, अशी त्याची अपेक्षा नाही.

पवित्र शास्त्र बारकाईने वाचणारे आमचे काही वाचक लगेच विचारतील की, इफिसकरांस पत्रात, पाचव्या अध्यायाच्या विसाव्या ओवीत, तोच पौल 'सर्व गोष्टींबद्दल' असे लिहितो, त्याची वाट काय? प्रश्न रास्त आहे. तेथे 'प्रभु येशू ख्रिस्ताच्या नावाने' अशी अट जोडलेली आहे. जी वस्तू त्याच्या नावाने हातात धरता येत नाही ती त्या 'सर्व' शब्दात बसत नाही. लबाडी, मत्सर व मृत्यू ह्यांस प्रभूने आपले नाव दिलेले नाही. ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्या रात्री त्याने भाकर घेऊन उपकारस्तुती केली. त्याने भाकरीबद्दल आभार मानिले. यहूदाच्या चुंबनाबद्दल मानिले नाहीत. उलट, त्याच रात्री बागेत त्याने हा प्याला टळावा अशी याचना केली. एकाच रात्रीत, एकाच मुखातून स्तुतीही निघाली व आक्रोशही निघाला. त्यांपैकी एक खरा व दुसरा उणा, असे कोण म्हणेल?

त्याच पत्रात पुढे काय येते, हे त्याहूनही महत्त्वाचे आहे. उपकारस्तुतीची ओवी संपते न संपते तोच प्रेषित घरात शिरतो. एकमेकांच्या अधीन असा, असे सांगून तो पत्नी, पती, लेकरे, बाप अशी एकेकाची गोष्ट काढितो. स्तुतीपासून स्वयंपाकघरापर्यंत त्याला दुसरा परिच्छेदही लागला नाही. पतीविषयीच्या ओव्या तर पत्नीविषयीच्या ओव्यांहून अधिक आहेत. आमच्या पुरुष वाचकांनी त्या एकदा मोजून पाहाव्यात. जो मनुष्य ताटावर बसून डोळे मिटितो, देवाचे आभार मानितो आणि डोळे उघडून भाकर वाढणारीस एक चांगला शब्द बोलत नाही, त्याची प्रार्थना अपुरी राहिली. ती पुरी करण्यास त्याला फार दूर जावे लागत नाही.

देव घरात कोठे दिसतो, ह्याचा शोध घेणाऱ्याने अम्माऊसची गोष्ट वाचावी. दोघे शिष्य वाट चालत होते. प्रभूने स्वतः त्यांस मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंत शास्त्राचा उलगडा करून सांगितला. असा उपदेशक व असा उपदेश पुन्हा होणे नाही. तरी त्यांनी त्याला ओळखिले नाही. पुढे संध्याकाळ झाली, त्यांनी आग्रह करून त्याला घरात घेतले, जेवावयास बसले, त्याने भाकर घेऊन आशीर्वाद दिला व मोडली. तेव्हा त्यांचे डोळे उघडले. आम्ही उपदेशक आहोत, म्हणून ही गोष्ट आम्हांस थोडी बोचते आणि पुष्कळ दिलासाही देते. व्यासपीठावरून जे दिसले नाही ते जेवणाच्या जागी दिसले. अंतःकरण वाटेवरही तापले होते, हे खरे. पण हे त्यांना मागाहून कळले.

चुलीची व भाकरीची गोष्ट निघाली आहे, तर आपल्याच जिल्ह्यातील एका ख्रिस्ती गृहस्थाचे स्मरण करणे योग्य होईल. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरचे. त्यांचा जन्म १८९२ सालचा. मुंबईस ते हिशेबतपासनीस होते. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे चिटणीस म्हणून ते वर्ध्यास आले, आणि मगनवाडी हे त्यांच्या कामाचे ठाणे झाले. तुरुंगवासात लिहिलेले येशूच्या शिकवणीवरील त्यांचे पुस्तक १९४५ साली प्रसिद्ध झाले. परंतु आमच्या मते त्यांचा खरा उपदेश मगनवाडीच्या कामात आहे. हाताने सडलेला तांदूळ, बैलघाणीचे तेल, गूळ ह्यांच्या मागे तर ते लागलेच. शिवाय तेथे रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर जळणारा मगनदीप निघाला, आणि धूर धुराड्यावाटे बाहेर नेणारी मातीची मगनचूल निघाली. परदेशात शिकून आलेल्या एका विद्वानाने खेड्यातील बाईच्या चुलीचा विचार करावा, ह्याचे त्या काळी कित्येकांस हसू आले असेल. आम्हांस ते सुवार्तेचेच काम वाटते. भाकरीबद्दल जो देवाचे आभार मानितो त्याने भाकर भाजणारीच्या डोळ्यांतील धूरही पाहिला पाहिजे. आज गावोगाव गॅसच्या शेगड्या गेल्या आहेत. तरी सिलिंडरास पैसे नसले म्हणजे पऱ्हाटीच्या काड्या पुन्हा चुलीत जातात, हे आम्ही घरोघर पाहतो.

दुसरे घर नारायण वामन टिळकांचे. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची कवने आपण गातो. परंतु त्या घरात देव कसा नांदला हे कळून घ्यावयाचे असेल, तर लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचावे. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. लक्ष्मीबाईंनी धर्मशिक्षणाची कोणतीही परीक्षा दिली नव्हती. वाचावयासही त्या लग्नानंतर शिकल्या. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांच्यावर आकाश कोसळले, काही वर्षे ताटातूट झाली, आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. पुढे घरात पैसा टिकत नसे, माणसांचा राबता मात्र कधी तुटत नसे. लक्ष्मीबाई ह्यात काहीही झाकीत नाहीत. त्या रागावतात, भांडतात, स्वतःस हसतात, आणि त्या हसण्यातच त्यांची उपकारस्तुती आहे. गोड बोलण्यासच भक्ती समजणाऱ्या आमच्या काही भगिनींस हे पुस्तक खटकेल. त्यांनी ते अवश्य वाचावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही ही लेखणी हाती घेतली तिच्याकडे येतो. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या मदतीची योजना जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. कोणत्या दुःखामुळे होता हे सांगण्याची गरज नाही. तेव्हापासून आजवर पुष्कळ घरांतील कर्ता पुरुष स्वतःच्या हाताने निघून गेला आहे. अशा घरांत जाण्याचे काम आम्हांस करावे लागते, आणि तेथे बहुधा एकच वाक्य ऐकू येते, ते असे की, त्यांनी आम्हांला काही सांगितलेच नाही. कर्ज होते हे घरास ठाऊक असते. किती होते, कोणाचे होते, कोणता शब्द मनास लागला, हे ठाऊक नसते. कर्जाइतकेच हे मौनही जीवघेणे आहे. दुःखाने बोलणे सोडलेल्या मनुष्यास आम्ही अविश्वासू म्हणत नाही, आणि जो गेला त्याचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस नाही.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीची दाणादाण केली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात हिंगणघाट तालुक्यातील एका घरी संध्याकाळच्या प्रार्थनेस आम्ही बसलो होतो. त्या घरात कौटुंबिक उपासना वर्षानुवर्षे चालत आलेली. आजारी लोकांसाठी, मिशनच्या शाळांसाठी, राज्यकर्त्यांसाठी नेमाने प्रार्थना होई. फक्त त्या घरासाठी होत नसे. त्या संध्याकाळी म्हातारी आई प्रार्थना करू लागली. म्हशीच्या दुधाबद्दल तिने आभार मानिले. नातीचा ताप उतरल्याबद्दल मानिले. सून पहाटे उठते, तिच्या पाठीचे दुखणे ती सांगत नाही, अशा सुनेबद्दल मानिले. मग तेच बोलणे पुढे चालवून ती म्हणाली, "बापा, माहा पोरगा रातभर झोपत नाही. अंधारात काईतरी मोजत रायते. आमी इथंच हावो, एवढं त्याले सांग."

'आमेन' कोणीच म्हटले नाही. थोड्या वेळाने तो उठला, पत्र्याच्या पेटीतून कागद काढिले आणि बायकोपुढे ठेविले. तिने बेरीज केली. रक्कम भीतीपेक्षा लहान निघाली नाही. त्या वर्षी त्यांनी बैलजोडी विकली, थोरलीचे लग्न एक वर्ष पुढे गेले, पुढील पेरणीत कपाशी कमी करून तूर वाढविली. आकाशातून पैसे पडले नाहीत. पण जे एकजण अंधारात मोजीत होता ते आता चारजण दिव्याच्या उजेडात मोजू लागले, आणि तो मनुष्य आज आपल्या लेकरांत आहे.

हबक्कूक संदेष्टाही असाच हिशेब मांडितो. अंजीर नाही, द्राक्ष नाही, जैतून नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, असे तो एकेक नाव घेऊन मोजितो, आणि मग देवाच्या ठायी आनंद करीन असे म्हणतो. तोटा झाकून केलेली स्तुती त्याला माहीत नाही. त्या म्हातारीने त्याचे पुस्तक वाचिले नव्हते, कारण तिला वाचता येत नाही. परंतु म्हशीच्या दुधापासून मुलाच्या जागरणापर्यंत सर्व काही एकाच प्रार्थनेत देवापुढे ठेवावयाचे असते, हे तिला ठाऊक होते.

तेव्हा ज्या घरांत संध्याकाळची उपासना होते त्यांस आमचे सांगणे आहे की, ती थोडी लांबली तरी चालेल, पण तिच्यात घर येऊ द्या. प्रथम प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातून त्या दिवशी जे मिळाले त्याचे नाव घेऊन आभार मानावेत. लेकरांनी आईचे, आईने लेकरांचे, आणि पुरुषांनी तर नक्कीच. मग ज्याच्या उरावर जे असेल ते त्याने बोलावे. देणे असेल तर आकड्यासह बोलावे. ज्याच्या घरी ऐकणारे कोणी नाही, त्याने रात्र पडली तरी आमच्या दारी यावे. दार ठोठावण्यास संकोच करू नये.

मंडळीच्या पंचांसही एक विनंती आहे. येत्या कापणीच्या सणास ज्याच्या शेतात काहीच आले नाही त्याने रिकामे टोपले आणावे, आणि ते भरलेल्या टोपल्यांच्या रांगेत, मेजापुढेच मांडले जावे. त्याचा लिलाव होणार नाही. ज्याचे ते असेल त्याच्यासाठी त्याचे नाव घेऊन प्रार्थना व्हावी, आणि उपासना सुटल्यावर पंचांपैकी हिशेब कळणारे दोघेजण कागद-पेन्सिल घेऊन त्याच्या घरी जेवावयास जावेत. जेवण त्याच्या घरचेच असावे, आणि शिधा पंचांनी न्यावा.