पाच टक्क्यांचं टेबल

2000 साली लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत पोकरच्या जागतिक स्पर्धेचा शेवटचा डाव रंगला होता. क्रिस फर्ग्युसनच्या हातात एक्का आणि नव्वी, तर समोर मुरलेला टी. जे. क्लाउटियर एक्का आणि राणी घेऊन बसलेला. टेबलावरची चार पानं उघडली तरी पारडं क्लाउटियरकडेच होतं. न दिसलेल्या 44 पानांत फर्ग्युसनला जिंकून देणाऱ्या नव्व्या फक्त 3 उरल्या होत्या. पाचवं पान उलटलं आणि ती नव्वी निघाली. फर्ग्युसन जगज्जेता झाला, 15 लाख डॉलर घेऊन उठला.

हा माणूस संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला. त्या एका पानाने आपल्याला काय दिलं आणि ते किती सहज दिलं नसतं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणूनच त्याने पुढे जे केलं ते मला त्या जगज्जेतेपदाहून मोठं वाटतं.

2006 साली त्याने फुल टिल्ट या पोकरच्या संकेतस्थळावर, ज्याच्या मालकांपैकी तो स्वतः एक होता, शून्य पैशांनी खेळायला सुरुवात केली. खात्यात एक डॉलरही भरायचा नाही आणि शून्याचे 10,000 डॉलर करून दाखवायचे. सुरुवात फुकट प्रवेशाच्या स्पर्धांपासून. तिथे हजारो लोक खेळतात आणि बक्षीस मिळालंच तर चिल्लर मिळते. ती चिल्लर घेऊन लहान टेबलावर बसायचं, हरायचं, पुन्हा फुकटच्या स्पर्धेच्या रांगेत उभं राहायचं. असं त्याचं अनेकदा झालं. कित्येक महिन्यांनंतरही खात्यात दहा डॉलर जमले नव्हते.

त्याने स्वतःला नियम घालून घेतले होते. साध्या टेबलावर बसताना एकूण पुंजीच्या 5 टक्क्यांहून जास्त पैसे घेऊन बसायचं नाही. मोठ्या स्पर्धेचं प्रवेशशुल्क 2 टक्क्यांच्या वर नको. अगदी तळाच्या टेबलांना तेवढी सूट, कारण त्याखाली उतरायला जागाच नसते. म्हणजे खात्यात 100 डॉलर असतील तर टेबल 5 डॉलरचं आणि स्पर्धा 2 डॉलरची. स्पर्धेला कमी का? शेकडो खेळाडूंतून बक्षीस थोड्यांनाच मिळतं, चांगला खेळाडूही तिथे कितीतरी वेळा रिकाम्या हाताने परततो. तो कोरडा काळ निभावून नेण्याइतकी पुंजी मागे हवी. खेळाच्या प्रकारालाही हेच लागू. ओमाहामध्ये प्रत्येकाला चार पानं मिळतात, हातांची ताकद एकमेकांच्या जवळ येते आणि पैसा फार वरखाली होतो. तिथे दोन पानांच्या होल्डेमपेक्षा जास्त पुंजी राखूनच बसावं.

तिसरा नियम पाळायला सगळ्यांत अवघड. टेबलावरचे आपले पैसे वाढत वाढत एकूण पुंजीच्या 10 टक्क्यांवर गेले, की पुढची सक्तीची बोली आपल्यापर्यंत येताच उठायचं. जिंकत असताना उठायचं! समोर कच्चे खेळाडू आहेत, हात चांगले येताहेत, तरीही. कारण आपण 5 टक्क्यांनीच बसलो असलो तरी आता एका डावात दहावा हिस्सा जाऊ शकतो.

एवढी काटकसर कशासाठी, हे आकड्यांतच पाहावं. दोन एक्के हातात असले आणि समोर दोन राजे, तर एक्के पाचांतून साधारण चार वेळा जिंकतात. याहून चांगली संधी पोकरमध्ये क्वचितच मिळते. पण प्रत्येक वेळी सगळी पुंजी लावली, तर सलग पाच वेळा तगून राहण्याची शक्यता तिनांत एकाच्याच आसपास. प्रत्येक निर्णय बरोबर असूनही माणूस बहुधा कफल्लक होतो. त्याचा खेळ चुकलेला नसतो, टेबल चुकलेलं असतं. शेतकरी पुढच्या पेरणीचं बियाणं दळायला काढत नाही; खेळाडूची पुंजी ही तशी आहे.

हे न पाळणाराही एक होता. फर्ग्युसनच्या आधी लास व्हेगासच्या त्याच हॉर्सशूमध्ये आर्ची करास नावाचा जुगारी खेळून गेला होता. 1992च्या डिसेंबरात खिशात 50 डॉलर घेऊन तो आला. 10,000 डॉलर उसने घेतले आणि 1995च्या सुरुवातीपर्यंत त्याचे सुमारे 4 कोटी डॉलर केले. नामांकित पोकरपटूंना त्याने एकामागोमाग एक हरवलं. मग फासे आणि बॅकरा हा पत्त्यांचा खेळ. पोकरमध्ये तो समोरच्या माणसाहून सरस होता. या खेळांत समोर कॅसिनो असतो आणि गणित त्याच्याच बाजूचं असतं. त्याच वर्षात सगळे पैसे गेले. 4 कोटींतले बहुतेक बाजूला ठेवून उरलेल्या थोड्यांनी लहान टेबलावर बसायचं त्याला कधी जमलं नाही.

फर्ग्युसन मात्र उतरत राहिला. पुंजी घटली की खालच्या टेबलावर. जगज्जेत्याने काही सेंटसाठी नवशिक्यांसोबत बसायचं, हे मला या गोष्टीतलं सगळ्यांत धाडसाचं काम वाटतं. हरलेले पैसे लवकर परत यावेत म्हणून वरच्या टेबलावर चढणारे किती घरं बुडवून बसतात, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. 2025 साली भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, ती अशाच घरांच्या आक्रोशातून. फर्ग्युसनने ती घाई केली नाही, आणि शून्यापासून सुरुवात केल्यावर सुमारे दीड वर्षाने त्याच्या खात्यात 10,000 डॉलर झाले.

इथे थांबलो तर गोष्ट अर्धीच राहील. एप्रिल 2011 मध्ये अमेरिकी सरकारने फुल टिल्टवर कारवाई केली आणि सप्टेंबरात न्यायालयात सांगितलं, की कंपनी जगभरच्या खेळाडूंना सुमारे 39 कोटी डॉलर देणं लागते आणि मार्चअखेर बँकेत होते जेमतेम 6 कोटी. खेळाडूंनी विश्वासाने ठेवलेली पुंजी वेगळी राखलेली नव्हती आणि मालकांना कोट्यवधी डॉलर वाटले गेले, असा आरोप होता. संचालक मंडळावर फर्ग्युसन होता. 2013 साली त्याने गुन्हा कबूल न करता तडजोड केली. स्वतःच्या शंभर डॉलरांतले पाचच टेबलावर नेणाऱ्या माणसाच्या कंपनीत दुसऱ्यांच्या पैशाला ती रेघ कुणी आखली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या खात्यांतही कुणी महिनोन्महिने लहान टेबलांवर बसून जमवलेले डॉलर असणारच. अमेरिकेतल्या खेळाडूंना त्यांचे पैसे 2014 पासून परत मिळू लागले. फर्ग्युसनने एका लहानशा व्हिडिओत माफी मागितली, ती 2018 साली.