झाकली भिंत सव्वा लाखाची

डहाणूच्या आमच्या घराला मागच्या अंगाने तीन पायऱ्या उतरून एक खोली आहे. आजोबा तिथे भात साठवीत, वडील अडगळ साठवीत. माझ्या कारकिर्दीत तिथे बुरशी साठते. आम्ही तिला ऐटीत 'तळघर' म्हणतो.

बुरशी ओळखायला विद्वत्ता लागत नाही, नाक लागतं. कपाट उघडल्यावर भिजल्या गोणपाटासारखा कुबट वास आला, की पाहुणे मुक्कामाला आले असं समजावं. मी मात्र भिंतीवरच्या त्या पांढऱ्या तुऱ्यांना बरीच वर्षं 'भिंतीतलं मीठ' म्हणत होतो. एके दिवशी सौभाग्यवतीने त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. "अहो, मीठ असतं तर विरघळलं असतं!" डाग विरघळला नाही. मीच थोडा विरघळलो.

मग तिने साडीच्या खोक्यातला प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी कडांनी घट्ट चिकटवला. दोन दिवसांनी पाहिलं तर पाणी कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे! म्हणजे डहाणूची दमट हवा निर्दोष सुटली. ओल भिंतीतूनच येत होती.

आमच्या भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी, तलासरीकडे माणसं भर थंडीत घराबाहेर तंबूत झोपली. त्या मानाने आमच्या वाट्याला आली ती एक केसाएवढी चीर. पण छपराची फुटकी पन्हळ नेमकी त्या चिरेवरच पाणी ओतायची.

यावर मी शोधलेला उपाय सोपा होता : रंग. मे महिन्यात भिंत वाळली, की रंगाचे दोन हात द्यायचे आणि वर लक्ष्मीचं कॅलेंडर लावायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ही युक्ती काही नवी नाही. थकलेलं कर्ज दिसू नये म्हणून नवं कर्ज देऊन जुनं फेडून घेतात. ताळेबंद गोरापान दिसतो आणि पुढल्या पावसाळ्यात पोपडे सुटतात.

तर अशा त्या गोऱ्यापान खोलीला गिऱ्हाईक आलं. तलासरीकडच्या शाळेतले तरुण मास्तर, त्यांची बायको आणि कडेवर आठ महिन्यांचं बाळ. "खोली किती थंडगार आहे हो!" बाई म्हणाल्या. थंड का आहे हे भिंतीला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि दारात उभ्या असलेल्या सौभाग्यवतीला तर पक्कं ठाऊक होतं.

आता प्रश्न असा, की न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का? मी मनातल्या मनात स्वतःचं वकीलपत्र घेतलं. एक, त्यांनी विचारलंच नाही. दोन, पावसाळ्यात ओल येत नाही अशी भिंत डहाणूत दाखवा. तीन, भिंत त्या दिवशी खरोखरच कोरडी होती. खटला जिंकल्यातच जमा होता. पण आमच्या बँकेच्या अर्जात तळाला एक ओळ असते : 'वरील माहिती खरी व पूर्ण आहे.' तिथे सही करा म्हणून मी हजारो लोकांना बोट दाखवलं असेल. 'खरी'वर माझं भागत होतं. गाडी अडली ती 'पूर्ण'वर. शिवाय मी गप्प तरी कुठे होतो? रंगाचे दोन हात देऊन मी भिंतीलाच खोटं बोलायला लावलं होतं.

तेवढ्यात बाळ खोकलं. साधंच, लहान मुलं खोकतात तसं. पण माझा वकील खाली बसला.

"मास्तर, पावसाळ्यात या भिंतीला बुरशी येते. लहान मुलाच्या छातीला ती बरी नव्हे."

मास्तर कॅलेंडरकडे बघत राहिले. मग "बरं झालं काका, सांगितलंत," म्हणाले आणि निघून गेले. गोष्टीत अशा वेळी भाडेकरू गहिवरून दुप्पट भाडं देतो. आमच्या गोष्टीत त्याने दुसरी खोली घेतली.

त्या महिनाभर घरात प्रामाणिकपणा हा विषय वर्ज्य होता. पण जे भाडं आलंच नाही त्याच्या रागाने मी नवी पन्हळ बसवली, चीर बुजवली, नाकाला फडकं बांधून कुजलेला गिलावा खरवडला आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. बुरशीचं बी हवेत सगळीकडेच असतं, ते कुणाच्या बापाला घालवता येत नाही. तिला हवं असतं ते पाणी. त्याची वाट बंद केली, आणि भिजलेलं २४ ते ४८ तासांत वाळवलं, की ती उपाशी राहते. खोटेपणाचं बी तरी कुणाच्या घरी नसतं? त्याला ओल मिळू द्यायची नाही, एवढंच आपल्या हाती.

हल्ली खोली बघायची आहे असा कुणाचा फोन आला, की मी सांगतो, "श्रावणात या." मे महिन्यात काय, सगळ्याच भिंती सज्जन असतात.