हयातांचे पदक

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील एका चांदीच्या पदकाविषयी आम्ही आज लिहीत आहोत. ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ हे त्याचे नाव. १८०३ ते १८२६ या काळात हिंदुस्थानात झालेल्या लढायांसाठी ते जाहीर झाले, तेही १८५१ साली! आसई, खडकी, कोरेगाव ही आपल्या परिचयाची नावे त्याच्या फितीवरील पट्ट्यांवर आढळतात. पदक मिळणार होते ते मात्र तोवर हयात असलेल्यांनाच.

आजच्या जालना जिल्ह्यातील आसई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी लढाई झाली. त्या एका दिवशी वेलस्लीच्या सैन्यातील ४२८ जण ठार झाले. त्या दिवशी वीस वर्षांचा असलेला शिपाई पदक जाहीर झाले तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. पदकावर मुद्रा व्हिक्टोरिया राणीची. आसईच्या वेळी तर तिचा जन्मही झालेला नव्हता.

आता एकाच रांगेतून तोफांवर चालून गेलेले तीन शिपाई डोळ्यांपुढे आणावेत. एक तेथेच पडला, दुसरा १८५० साली वार्धक्याने वारला, तिसरा जगला. शौर्य तिघांचे सारखेच. मग तिसऱ्याचा गौरव झाला तो शौर्याबद्दल की दीर्घायुष्याबद्दल? मृतांना पदकाचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. आम्हांस हे पटत नाही. पदक घेणाऱ्याच्या उपयोगासाठी दिले जात नाही. देणारा त्यातून आपले ऋण मान्य करतो, आणि धनको मरण पावला म्हणून ऋण फिटत नाही.

तरीही त्या वृद्धाने पदक नाकारावे, असे आम्ही म्हणणार नाही. त्याने ते घ्यावे, नातवंडांना दाखवावे आणि दाखविताना उरलेल्या दोघांची नावे सांगावीत. पदकाच्या कडेवर नाव त्या एकट्याचेच असते.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. आसईला शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काहींनी मेल्याचे सोंग घेतले आणि शत्रू पुढे सरकताच उठून पुन्हा तोफा डागल्या. शत्रूनेही त्यांच्या धैर्याची वाखाणणी केली. कंपनीने त्यांना पदक द्यावे, ही अपेक्षा अर्थातच वेडेपणाची. पण त्यांना ज्यांनी द्यायचे, त्या आपण तरी त्यांच्यापैकी एकाचे नाव कोठे जपले आहे?